लांडग्याचा राग

“अगं, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस ना तू? आणि बघतेस काय हे?” वसतिगृहातल्या मैत्रिणीने मोबाइलमध्ये डोकावून विचारले, तेव्हा मी ओशाळले. प्रश्न रास्तच होता. पडद्यावर गुलाबी झग्यातली एक मुलगी उड्या मारीत धावत होती, आणि ही मुलगी म्हणजे मुळात एक कुत्री होती!

‘वंडरफुल प्रीक्युअर’ ही जपानी चित्रमालिका फेब्रुवारी २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात तिकडे दर रविवारी सकाळी लागत असे. एकूण पन्नास भाग. साधी मुलगी संकटकाळी रूप पालटते आणि जादूच्या बळावर लढते, हा जपानी कार्टूनांतला जुना प्रकार. पण इथे आधी कुत्रीच रूप पालटते. तिचे नाव कोमुगी, म्हणजे गहू. तिची मालकीण इरोहा शाळकरी मुलगी आहे. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरे पळतात. ती वाचून माझे इंग्रजी सुधारले, याची इंग्रजीच्या सरांनी कृपया नोंद घ्यावी!

प्रीक्युअरच्या मालिका २००४ पासून चालू आहेत आणि त्यांतल्या मुली हाताने-लाथेने झुंजण्याबद्दल प्रसिद्ध. म्हणून मी मारामारीची वाट पाहत बसले. ती झालीच नाही. जादुई बागेतले शांत प्राणी दुष्ट शक्तीमुळे काळे होऊन गुरगुरत सुटतात. कोमुगी आणि इरोहा त्यांच्यामागे धावतात, त्यांना चुकवतात, अडवतात आणि शेवटी कवेत घेतात. गुरगुर हळूहळू उतरते. मला आमचे आबा आठवले. मेंढी कोकराला जवळ घेईना, शिंगे मारू लागली, की आबा तिच्याशेजारी बसून तिला धरून ठेवतात, घटकाभर काही बोलत नाहीत. भ्यालेले जनावरच अंगावर येते हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही.

दुसरी जोडी मायु आणि तिची पांढरी मांजर युकी यांची. युकीला मायुखेरीज कुणाचाच भरवसा नाही. ती रूप पालटते तेव्हा त्या भ्यालेल्या प्राण्यांना सरळ झोडपते, आणि कोमुगी तिला आडवी येते. मला खरे सांगायचे तर युकीच अधिक पटली. आपल्या माणसासाठी नखे बाहेर काढणे हेही प्रेमच की!

एवढ्यावर मी सुखाने मालिका संपवली असती. पण पुढे लांडगे आले.

वैरी पक्षातले दोघे म्हणजे नामशेष झालेल्या लांडग्यांचे आत्मे आहेत. ही कल्पना हवेतली नव्हे. जपानच्या होन्शू बेटावरचा शेवटचा खात्रीचा लांडगा १९०५ साली नारा प्रांतात मारला गेला. त्याआधी तिथला शेतकरी लांडग्याला मानीत असे, कारण हरणे आणि रानडुकरे तो शेतापासून दूर ठेवी. चिचिबूच्या डोंगरातल्या मित्सुमिने देवस्थानात आजही लांडग्यांच्या मूर्ती पहारा देतात. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर मात्र १८७० नंतर घोड्यांचे मळे निघाले आणि लांडग्यांसाठी मांसात विष घालण्यात आले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही धनगर. मी अकरावीत असताना माळावर एक लांडगी येऊ लागली आणि एका पंधरवड्यात तिने चार कोकरे नेली. आबा म्हणाले, “तिलाबी पोरं असतील.” तात्यांना ते सोसले नाही. मेलेल्या मेंढीत त्यांनी औषध घातले आणि मला बजावले, “वाघ्याला बांधून ठेव.” मी वाघरीशेजारी विजेरीच्या उजेडात पाठांतर करीत होते. विसरले. सकाळी वाघ्या ओढ्याकाठी सापडला, तोंडाला फेस आलेला. तात्यांनीच त्याला पुरले. ‘दोर तोडून गेला’ असे मी सांगितले, आणि ते सगळ्यांनी खरे मानले.

मालिकेच्या शेवटी कळते की त्या लांडग्यांचा धनी गाओ हा लांडगा नाहीच; तो सुबारू नावाचा माणूस आहे. एका लांडग्याशी त्याची जिवाभावाची मैत्री होती, तो माणसांच्या हातून मेला आणि सुबारू त्याला वाचवू शकला नाही. सगळ्या मानवजातीवरचा त्याचा राग निम्मा स्वतःवरचाच होता. तो भाग मी तीनदा पाहिला. लहान मुलींसाठी काढलेल्या गोष्टीत मेलेला लांडगा जिवंत करणे काय अवघड होते? जादू तर हाताशीच होती! पण लांडगे परत येत नाहीत. मिठीने राग उतरतो, झालेले पुसले जात नाही. मला समाधान मिळाले ते नेमके याचे. सगळे गोड झाले असते, तर वाघ्याच्या बाबतीत ती गोष्ट माझ्याशी खोटे बोलली असती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वाडा हलवायची तयारी चालली होती. तात्या वाघर गुंडाळीत होते. मी जवळ बसले आणि दोराचे खरे ते सांगून टाकले. त्यांचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी माळाकडे पाहिले.

“येताना लांडगी दिसली का गं कुठं?”

“नाही, तात्या.”

“मलाबी न्हाई दिसली,” ते म्हणाले, “तवापासनं.”