प्लॉट घ्यावा का?

तंजावरच्या भाड्याच्या घरापेक्षा तिरुवैयारूत, कावेरीकाठी, आपली जागा असावी असं फार वाटतं. शहर जेमतेम १३ किलोमीटर. पुष्य बहुल पंचमीला, संतसंगीतकार त्यागराजांच्या आराधनेच्या दिवशी, त्यांच्या समाधीपाशी पायी जाता येईल. नव्या लेआउटचा दरही परवडतो.

पण आखणीच्या दगडांमध्ये अजून भाताची खुंटं उभी आहेत. पावसात पाणी जाणार कुठे? २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेतजमिनीवरच्या विनापरवाना प्लॉटांची नोंदणी रोखली होती. म्हणून नगररचनेची मंजुरी, रेरा नोंदणी, पट्टा (जमीनमालकीची महसुली नोंद) आणि बोजाचा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. कागद चोख निघाले तरी ऐन कार्तिकातल्या पावसात जागा पुन्हा पाहायची.

पिकती जमीन मोडून घर बांधणं मात्र मनाला खातं. गावातलं जुनं घर मिळालं, तर तेच घ्यावं.