चेअरमनचा फोटो आणि चिटबॉय

4 नोव्हेंबर 2024
काल भाऊबीज झाली. आज बीडच्या एका महाविद्यालयातून प्राध्यापकांचा फोन आला. व्यवस्थापनाच्या मुलांपुढं बोलायचं, विषय ‘द्रष्टा प्रमुख आणि संस्थेची संस्कृती’. म्हटलं, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर, कंपनी कुठं बघितलीय? ते म्हणाले, “स्टीव्ह जॉब्जवर सगळेच बोलतात. तुम्ही आपल्याकडचं सांगा.” आपल्याकडचं म्हणजे वडवणी तालुक्यातलं? इथं कंपनी नाही, कोयता आहे. तरी हो म्हटलं.

7 नोव्हेंबर
सुरुवात किर्लोस्करांपासून करावी. बेळगावच्या कारखान्याची जागा गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर, निवडुंग तोडून, वाडी वसवली. राखणीला नेमला तो शिक्षा भोगून आलेला तुकाराम रामोशी. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘विश्वास’ यावर प्रकरण असतं. लक्ष्मणरावांनी ते लिहिलं नाही, वाडीची राखण त्या माणसाच्या हाती दिली. बाकीच्या कामगारांना मालकाच्या भाषणाची गरजच उरली नसणार.

10 नोव्हेंबर
मग प्रवरा. विठ्ठलराव विखे पाटील फार शिकलेले नव्हते, पण लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडं न घेता अर्थशास्त्राच्या धनंजयराव गाडगीळांना दिलं. गाळप सुरू झालं 1950 च्या हंगामात. गाव जमवणारा एक, हिशेब बघणारा दुसरा. सभासदानं सभेत उभं राहून हिशेब मागायचा, ही सवय तिथून पडली. पुढं कारखान्यांमागून शाळा, दवाखाने, कॉलेजं उभी राहिली. ज्यानं शेअर घेतला त्याचं घर बदललं, हे कुणी नाकारू नये. आजचे काही अध्यक्ष गाडगीळांचं नाव भाषणात घेतात आणि सभा वीस मिनिटांत गुंडाळतात, ते वेगळं.

13 नोव्हेंबर
आज वस्तीवरची ऊसतोडीची टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, सरपण, पत्रे, शेळी, कोंबड्या. गाळप परवापासून, विधानसभेचं मतदान 20 तारखेला, आणि टोळी नेणारा मुकादम थांबायला तयार नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, उन्हाळ्यातच घेतलेली, ती लग्नात आणि दवाखान्यात संपलेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर आणि फेडही जोडीवर.

माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली एक बाई ट्रॉलीपाशी उभी होती. दरवर्षी त्याच कारखान्याला जाते, म्हणून सहज विचारलं, तिथला चेअरमन कसा माणूस आहे?
“फोटो बघितलाय गुर्जी, गेटवर. आमचा कारखाना म्हंजी चिटबॉय. त्यो चांगला आसला की हंगाम चांगला.”

चिटबॉय म्हणजे कुणाचा उसाचा फड कधी तोडायचा त्याची चिठ्ठी देणारा पोरगा, शेतकी खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. कार्यकारी संचालक, शेतकी अधिकारी, गट ऑफिस ओलांडून वरच्याची दृष्टी खाली येता येता त्याच्यापाशी जे उरतं, तेवढंच हिच्या वाट्याला येतं. त्यानं लांबचा, पडलेला ऊस दिला तर मोळ्या कमी पडतात. ऊस वाळत असेल तर शेतकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, देतो, मगच कोयते आत शिरतात. हे वार्षिक अहवालात छापत नाहीत, पण कारखान्याची संस्कृती बघायची तर इथंच.

मुलगा मागं आजीकडं राहिला. गावात हंगामी वसतिगृह झालं तर दोन वेळा जेवेल.

16 नोव्हेंबर
टिपणं पुन्हा काढली. प्रवरेचं पान वाचताना त्या बाईचा चेहरा आडवा येतो. सभासद आत, कायम कामगार आत, बोनस, क्वार्टर, पतसंस्था सगळं आत. फडातला मजूर मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. एक दिवस अंग दुखलं म्हणून बसलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात.

2019 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सगळा दोष खाड्याचा म्हणता येणार नाही. गावठी भीती आहे, नफेखोर दवाखाने आहेत, लहान वयातली लग्नं आहेत. पण पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही आणि फडात संडास नाही, हा कुणाचा तरी निर्णय आहे. निर्णय न घेणं हाही निर्णयच.

29 नोव्हेंबर
भाषण झालं. किर्लोस्करांवर मुलं खूश, प्रवरेवर प्राध्यापक खूश. चिटबॉयवर मागच्या बाकांवर हसू फुटलं. ती मुलं कुठल्या गावांची असतील हे मला कळलं.

एकानं विचारलं, “सर, बीडच्या माणसानं कारखाना काढला तर हे बदलेल का?” प्रश्न खोचक होता. कारखाने बीड जिल्ह्यातही आहेत, आणि इथल्या फडातही टोळी मुकादमाच्याच नावावर येते. माणूस कुठला यानं फरक पडत नाही, हे त्याला सांगितलं. लक्ष्मणरावांनी राखणदार निवडला, विठ्ठलरावांनी अध्यक्ष निवडला. तशी निवड फडापर्यंत करणारा अध्यक्ष माझ्या पाहण्यात नाही. तोडणाऱ्याचं नाव कारखान्याच्या पटावर घ्यायचं, खाडा बंद करायचा, फडाजवळ पाणी आणि संडास द्यायचा, एवढी तीन कामं जो करील त्याला मी द्रष्टा म्हणेन.

थोडं बदललंय. यंदा जानेवारीत पुण्याच्या बैठकीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तीही संप आणि लवादानंतर. ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं मिळू लागली आहेत. ती समाजकल्याण खात्याकडून, ग्रामसेवकाच्या नोंदीवर. कारखान्याकडून नाहीत.