बिनडोक वाद्याचा पंचम

मराठीत 'बिनडोक' हा शब्द शिवीच्या उंबरठ्यावर उभा आहे. ज्याला डोके नाही त्याला अक्कल नाही, हा त्यातला अध्याहृत न्याय. त्यामुळे जिला डोकेच नाही अशी इलेक्ट्रिक गिटार आम्ही विकत घेतली, तेव्हा तिचे नामकरण आम्हाला करावे लागले नाही. ते घरातल्यांनी परस्पर उरकून घेतले. शिर म्हणजे उत्तमांग, असे मानणारी आपली परंपरा. पुरंदरच्या लढाईत (१६६५) मुरारबाजींचे शिर तुटल्यावरही धड लढत राहिले, ही आख्यायिका आपल्याला अद्भुत वाटते ती याच कारणाने. शिराविना काही चालू शकते, हे आपल्या मनाला सहजी पटत नाही.

वाद्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न जरा शांतपणे तपासून पाहता येतो. गिटारच्या अवयवांना माणसाच्या देहाचीच नावे आहेत : हेड, नेक, बॉडी, म्हणजे डोके, मान, धड. तार धडावरच्या घोडीपासून निघते, मानेवरून जाते, मानेच्या टोकाशी असलेल्या 'नट' नावाच्या पट्टीवर टेकते आणि तिच्यापलीकडे डोक्यावरील खुंटीला गुंडाळली जाते. नाद उमटतो तो घोडी आणि नट यांच्यामधल्या तारेतून. नटपलीकडचा तुकडा ताण धरून ठेवतो, पण गात नाही. म्हणजे डोक्याचे काम खुंट्यांना जागा देणे एवढेच. ती जागा दुसरीकडे मिळाली, तर डोके हवे कशाला?

हा प्रश्न तडीस नेणारा माणूस होता नेड स्टाइनबर्गर. पेशाने तो फर्निचरची रचना करणारा. ब्रुकलिनमधील एका सामायिक सुतारशाळेत त्याची गाठ स्टुअर्ट स्पेक्टर या वाद्यकारागिराशी पडली आणि १९७७ मध्ये त्याने स्पेक्टरसाठी एका बेस गिटारची रचना केली. लांब मानेच्या टोकाला जड खुंट्या असल्या की बेस गिटारची मान खाली झुकते. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला सूर धरायचे सोडून वाद्यच सावरत बसावे लागते. यावर स्टाइनबर्गरने शोधलेला उपाय मुळावरच घाव घालणारा होता. त्याने डोके काढून टाकले, तार मानेच्या टोकाशी अडकवली आणि ती पिळण्याची यंत्रणा उलट्या बाजूला, घोडीच्या मागे नेली. वाद्य घडवले तेही लाकडाचे नव्हे, तर कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी यांचे. १९८० मध्ये त्याने कंपनी काढली. पहिल्यांदा बेस आणि त्यामागोमाग गिटार आली. स्टिंग आणि गेडी ली यांनी ते बेस वाजवले, अॅलन होल्ड्सवर्थने ती गिटार. त्या दशकाची खूण म्हणून हा आकार जितका गाजला, तितकाच पुढे त्या दशकाबरोबर जुनाही ठरला. स्वीडनमध्ये ओला स्ट्रँडबर्गने २००७ च्या सुमारास नव्याने अशा गिटारी घडवायला घेतल्या आणि हे शिरविरहित कुळ पुन्हा मार्गी लागले.

साहित्याच्या वाचकाला या हकिकतीत रस वाटावा असे दोन मुद्दे आहेत. पहिला संक्षेपाचा. आमची गिटार टोकापासून टोकापर्यंत सुमारे तीस इंच भरते. चारचौघींसारखी इलेक्ट्रिक गिटार चाळीस इंचांच्या आसपास असते. पण नादणाऱ्या तारेची लांबी दोघींची एकच, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. बारावा पडदा दोघींमध्ये नेमका निम्म्यावर, ३२४ मिलिमीटरवर. तारेची लांबी, ताण आणि वजन यांवर सूर ठरतो, हा नियम मेर्सेन या फ्रेंच पंडिताने १६३६ मध्ये मांडला, आणि स्टाइनबर्गरने त्याला बोटही लावलेले नाही. त्याने वाद्य आखूड केले, स्वर आखूड केला नाही. संपादन आणि काटछाट यांतला भेद याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण निदान आम्हाला तरी ठाऊक नाही. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे म्हणतात. त्या आनंदाची अट हीच की वाचलेली मात्रा मुळात नादणारी नसावी. लेख 'थोडक्यात' लिहून आणणारे आमचे विद्यार्थी पुष्कळदा नटच्या अलीकडची तार कापतात आणि पलीकडची तशीच ठेवतात.

दुसरा मुद्दा नाममुद्रेचा. गिटारच्या डोक्यावर खुंट्यांखेरीज आणखी एक गोष्ट असते : घडवणाऱ्याचे नाव. जाणकार दुरून नुसत्या डोक्याच्या आकारावरून वाद्याचे घराणे सांगतात. अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे' यावे तशी ती मुद्रा असते. डोके गेले की मुद्रेची हक्काची जागाही जाते. आमच्या गिटारवर तर कुणाचेच नाव नाही. रोलाँ बार्थच्या 'लेखकाचा मृत्यू' या सिद्धान्तावर वर्गात तास घेताना हे वाद्य नेऊन दाखवावे, असे आमच्या मनात अनेकदा आले. महाविद्यालयाच्या शिस्तीचा विचार करून आम्ही तो मोह आवरला.

आता हिच्या स्वस्ताईविषयी. मूळ कार्बनची वाद्ये महाग होती आणि आजही आहेत. होनर या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकातच परवाना घेऊन त्यांची लाकडी भावंडे काढली; पुढे गिब्सनने स्टाइनबर्गरची कंपनी घेतल्यावर 'स्पिरिट' नावाने तशाच स्वस्त गिटारी निघाल्या. आमची गिटार त्याही खालच्या पायरीवरची, एका अनामिक कारखान्यातली नक्कल. इंजिनिअरिंग संपवून परगावी निघालेल्या एका मुलाकडून आम्ही ती बारा हजारांना घेतली. ग्रंथाची स्वस्त आवृत्ती असावी तशी ती आहे : कागद पातळ, बांधणी सैल, समास तोकडे, पण मजकूर तोच. कोरड्या हिवाळ्यात मानेचे लाकूड आक्रसते आणि पडद्यांची टोके तळहाताला टोचतात. पावसाळ्यात तारा गंजतात. मागच्या बाजूच्या पिळण्याच्या चकत्या इतक्या घट्ट आहेत की सूर लावून झाल्यावर अंगठा आणि तर्जनी लाल होतात. धड एवढेसे असल्याने ती मांडीवरून घसरते. त्यासाठी खालून एक घडीचा पाय उघडावा लागतो. भिंतीवर टांगावी, तर टांगायला डोके नाही. डोक्याला चिमट्यासारखे लावायचे सूरमापकही हिला लावता येत नाही. फोनमधले वापरावे लागते. या कुळातल्या काही वाद्यांना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात आणि त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. हिच्या मानेच्या टोकाशी मात्र स्क्रूने आवळायचे चाप आहेत, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी तार चालते. चापाबाहेर उरलेली तार पकडीने कापून टाकली की झाले.

एवढे दोष दिसत असूनही आम्ही ती घेतली, कारण घरात जागा नव्हती. पेठेतला जुना वाडा बिल्डरकडे गेला आणि आम्ही दोन खोल्यांत आलो. त्यातली एक खोली आईची. तिला स्मृतिभ्रंशाने गाठले होते. रात्री कुणीतरी जवळ बसणे भाग होते. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक खुर्ची मावे, आणि त्या खुर्चीत बसून कपाटावर न आपटता वाजवता येईल असे वाद्य हे एवढेच. जुनी, पोकळ धडाची गिटार आम्ही भाच्याला देऊन टाकली होती. आईचा तंबोरा मात्र खोळीसकट त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा होता, साडेचार फुटांचा, मिरजेत घडवलेला. तो देऊन टाकावा असे कुणी सुचवले नाही.

आई तरुणपणी गाणे शिकली होती. तिने मैफली केल्या नाहीत. पण साठीपर्यंत रोज सकाळी तंबोरा लावला. तंबोरा लावण्याची तिची पद्धत आम्ही लहानपणापासून पाहिलेली. आधी डोक्याकडच्या खुंट्या पिळून तारा जागेवर आणायच्या. मग घोडीखाली, भोपळ्यावरच्या तारांत ओवलेले मणी केसाएवढे सरकवून सूर मिळवायचा. खुंटीने सूर जवळ येतो, मण्याने तो लागतो, असे ती म्हणे. स्टाइनबर्गरने खुंट्या खाली नेल्या, याचे पाश्चात्त्यांना केवढे नवल वाटले! आपल्याकडे त्या कामातला नाजूक निम्मा भाग आधीपासून खालीच होता.

रात्री आम्ही हेडफोन लावून वाजवत असू. पण भरीव इलेक्ट्रिक गिटार जोडणीशिवायही अगदीच मुकी नसते. रात्रीच्या शांततेत तारांचा बारीक, कोरडा आवाज चार फुटांवर ऐकू जातो. एके रात्री आम्ही सहज चाळा म्हणून पाचव्या तारेचा पहिला, चौथीचा तिसरा आणि तिसरीचा तिसरा पडदा दाबून एकसारखे छेडत होतो. गिटारवाले याला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. दणदणीत रॉक संगीताचा निम्मा डोलारा याच तीन स्वरांवर उभा आहे. नीट पाहिले तर त्यात षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज, याखेरीज काहीही नाही. म्हणजे तंबोराच. आणि आम्ही धरलेला षड्ज काळी पाचचा होता. आईची पट्टी तीच.

आईने डोळे उघडले. तेव्हा ती आम्हाला ओळखत नसे; तिच्या लेखी आम्ही तिचे गाण्याचे मास्तर होतो आणि ती आम्हाला अदबीने अहोजाहो करी. ती म्हणाली, "मास्तर, पंचम उतरलाय हो."

आम्ही फोनवरच्या मापकाकडे पाहिले. काटा नेमका मध्यावर होता. मापकाच्या लेखी पंचम अचूक होता. पण मापक ज्या पट्टीने मोजते ती पट्टी सप्तकाचे बारा सारखे भाग करून बनलेली आहे. त्या वाटणीत पंचम शुद्ध पंचमापेक्षा अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे दोन भागांनी खाली येतो. काळी पाचच्या खर्जात या फरकाने सुरात जे आंदोलन उठते, ते साधारण अडीच सेकंदांत एकदा. बारा सुरांना समान वागणूक देण्यासाठी पंचमाने सोसलेली ही तोशीस आहे. सगळे पाश्चात्त्य पडदे ती सोसतात आणि बहुतेक कानांना ती कळत नाही. आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पंचम उतरलेलाच होता.

आम्ही चौथ्या तारेची चकती केसाएवढी फिरवली. घोडीच्या मागे, उजव्या हाताशीच ती होती. छेडता छेडता फिरवता येते. काटा उजवीकडे कलला. आई म्हणाली, "हां," आणि तिने डोळे मिटले. पुढच्या दीड वर्षात असे बऱ्याच रात्री झाले. कधी ती काही बोलली नाही, कधी नुसता हात हलवला. पंचम लागल्यावर एकदा-दोनदा तिने षड्जात आवाज मिळवला. तो काही क्षण टिकला आणि मग तिचा श्वास पुरला नाही.

येथे एक मोह पडतो आणि तो टाळला पाहिजे. डोके गेले तरी सूर राहिला, वाद्याचे तेच माणसाचे, असे वाक्य लिहायला फार सोपे आहे. आमच्याकडे समाचाराला आलेल्यांपैकी काहींनी ते थोड्याफार फरकाने म्हटलेही. ते आम्हाला मान्य नाही. गिटारच्या डोक्यात नाद नव्हता, म्हणून ते काढता आले. आईच्या स्मृतीतून जे जे गेले ते सगळे नादणारे होते : आमची नावे, वडिलांचा मृत्यू, वाड्यातला कडीपाट, बंदिशींचे शब्द. तिला पंचम कळत होता म्हणून बाकीचे अनावश्यक होते, असे ठरत नाही. संक्षेप तो, ज्यात काय ठेवायचे ते निवडणारा कुणी असतो. आईच्या बाबतीत निवडणारे कुणी नव्हते. रूपक कुठवर चालते आणि कुठे थांबवावे, हे विद्यार्थ्यांना शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली. त्या वर्षांचा थोडा उपयोग आम्हाला त्या खोलीत झाला.

आई गेली त्याला आता तीन वर्षे होतील. तंबोरा कोपऱ्यातच आहे. आम्हाला गाता येत नाही, त्यामुळे तो लावण्याचे प्रयोजन नाही. वर्षातून दोनदा खोळ काढून पुसतो. खुर्ची आणि गिटार दुसऱ्या खोलीत आली आहेत. चौथी तार आम्ही अजूनही आईच्या पंचमाला लावतो. त्याने इतर काही कॉर्ड किंचित बिघडतात. तीच तार जिथे पंचमाऐवजी गांधाराचे काम करते तिथे मुळात चढा असलेला गांधार आणखी चढतो आणि कानाला खुपतो. एखादा नेटका वादक हे सहन करणार नाही. आम्ही मात्र सूर लावताना आधी मापक पाहतो, मग ते बाजूला ठेवतो आणि चकती केसाएवढी फिरवतो.