दसऱ्यानंतरचे वारे

अशोक विजयादशमीचा सोहळा आटोपला की दोन दिवसांची रजा टाकून गावाकडे जायचे, हा आमचा गेल्या पंचवीस वर्षांचा नेम. कंपनीत गणपतीला, दिवाळीला रजा मागणारे पुष्कळ. दसऱ्यानंतर मागणारा मी एकटा, त्यामुळे सुपरवायझरही कुरकूर करीत नाही. छत्रपती संभाजीनगरहून निघालेली एस.टी. शहागडचा पूल ओलांडून गेवराई तालुक्यात शिरली, की वारे कुठून येते ते बघायची मला खोड आहे. त्यासाठी डोके बाहेर काढावे लागत नाही. बस सरळ दक्षिणेला चाललेली असते. आषाढात उजव्या हाताच्या प्रवाशांची काचा लावण्यासाठी धडपड चालते, दसऱ्यानंतर डाव्या हाताच्यांची. या एका महिन्यात वाऱ्याने कूस बदललेली असते.

बीड जिल्ह्याच्या उत्तरेचे हे सपाट रान म्हणजे गंगाथडी. गोदावरीला इकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. काळी कसदार जमीन, कपाशी, तूर, आणि पैठणच्या धरणाचा उजवा कालवा आल्यापासून ऊस. वाऱ्याला अडवायला इथे एक टेकडी नाही. म्हणून उगवतीचे कोरडे वारे सुटले की फुटलेला कापूस झाडावरच लोंबू लागतो आणि वेचणीला बाई मिळेनाशी होते. २०२५ च्या सप्टेंबरात याच रानात गोदावरी आणि सिंदफणा शिरल्या होत्या. बोंडे झाडावरच सडली, बांध वाहून गेले. पाडळसिंगीच्या पुढे बस थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळीला डोक्याएवढ्या उंचीवर पाचट अडकलेले दिसत होते. पाणी उतरून गेले होते आणि वारे ते पाचट वाळवीत होते.

वारे फिरते का, हे मुलांना सांगायला सोपे आहे. उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानची जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरची ओली हवा तिकडे ओढली जाते. तेच आपले मोसमी वारे. सप्टेंबरच्या मध्याला राजस्थानातून पाऊस माघारी निघतो. उत्तरेची जमीन निवते, तिथली हवा जड होते आणि समुद्राकडे वाहू लागते. ती आमच्याकडे ईशान्येकडून पोचते, कोरडी. मधूनच बंगालच्या उपसागरात काही बिघडले तर चित्रा-स्वातीत धो धो पाऊस येतो आणि काढलेली सुडी भिजवून जातो. एरवी तरी आमच्या वाट्याला पाऊस किती? सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिते झालेले असतात. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही कागदावर.

बीड सोडले की मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि आपण बालाघाटावर येतो. अलीकडचे पाणी गोदावरीला, पलीकडचे मांजरेला. मांजराही पुढे तेलंगणाच्या वेशीवर गोदावरीलाच मिळते, पण मध्ये फार हिंडून. माथ्यावर मुरमाड माळ, कुसळी गवत. आणि आता पवनचक्क्या.

वारे म्हटले की मला आधी खळे आठवते. आजच्या मुलांनी मळणीयंत्र पाहिले, वावडी पाहिली नाही. तीन पायांच्या उंच वावडीवर माणूस उभा राहायचा, खालून पाटी वर द्यायची, आणि तो वाऱ्याचा अंदाज घेत सावकाश धान्य सोडायचा. दाणे सरळ खाली, भूस दूर. वारे पडले की सगळे खळे हात बांधून आभाळाकडे बघत बसायचे. रास पाटलाच्या घरी जायची. शेवटी खळ्यावर जे उरायचे ते मातेरे, म्हणजे मातीत मिसळलेले दाणे. ते आमच्या वस्तीचे. माझी आजी ते मातेरे घरी आणून पुन्हा वाऱ्यावर धरायची, मग पाण्यात घालून खडे काढायची. दुसऱ्याने पाखडून टाकलेले पाखडणे हे तिच्या जन्माचे काम होते.

नेकनूरच्या पुढे माळावर माझ्या आत्याबाई राहतात. त्यांच्या सासऱ्याने गायरानातला तीन एकर खडक फोडून वहितीला आणला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलितांची अशी अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासनाचा १९९१ चा निर्णय आहे. तेलगावहून मानवी हक्क अभियान चालवणाऱ्या एकनाथ आवाडांनी (ते २०१५ साली गेले) हा निर्णय वस्त्यावस्त्यांवर समजावून सांगितला, लोकांना गायरानावर उभे केले. आत्याबाईंच्या पत्र्याच्या पेटीत दंडाच्या जुन्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या आहेत. पीक दरवर्षी निघते, सातबारा निघत नाही.

पूर्वी हा माळ कोणाला नको होता. वाऱ्याशिवाय इथे होतेच काय? आता वाऱ्यालाच भाव आला. ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला मोबदला. ज्याच्याजवळ नुसत्या पावत्या, त्याने पात्यांचा घुमघुमाट ऐकत झोपायचे. पैसा आला तशी गुंडगिरीही आली. याच रस्त्यावरच्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, ती पवनचक्कीच्या कंपनीकडे खंडणी मागण्याच्या वादातून, असे आरोपपत्रात म्हटले आहे.

मात्र पवनचक्कीचा एक उपयोग आत्याबाईंनी शोधला आहे. तिचे तोंड वाऱ्याकडे आपोआप फिरते. आषाढात सगळ्या चक्क्या मावळतीला तोंड करून भरारा फिरतात, दसऱ्यानंतर उगवतीला वळून सुस्तावतात. "हिनं तोंड फिरवलं की मुकादम येतोच बघ," असे त्या म्हणतात.

आणि तो येतोच. उचल वाटलेली असते, कारखान्यांचे बॉयलर पेटायचे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, कोपीचे सामान, सरपण, कोंबड्या आणि त्यावर पोरे. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. सगळे मावळतीकडे, वारे पाठीवर घेऊन. आत्याबाईंनी बत्तीस हंगाम काढले. पहाटे चारला थंडगार पाचटात हात घालायचा म्हणजे काय, ते त्यांची बोटे बघून कळते. यंदा मुलगा-सून गेले, पण नात मागे राहिली आहे. गावच्या हंगामी वसतिगृहात जेवते आणि रात्री आजीजवळ झोपते. सातवीत आहे.

मी निघालो त्या सकाळी आत्याबाई सुपात बाजरी घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. यंत्राने काढलेली, तरी पुन्हा उफणायची. माझ्यासाठी पिशवी भरायची होती. "आत्या, कशाला? गिरणीत चाळून घेईन की," मी म्हणालो. त्यांनी समोरच्या चक्कीकडे एकदा बघितले, सूप खांद्याच्या वर नेले.

"तिथं उभा राहू नको," त्या म्हणाल्या, "भूस डोळ्यात जाईल. हिकडं ये, उगवतीला."