बडोद्याची नात, जयपूरची खासदार

महाराणी गायत्रीदेवी २९ जुलै २००९ रोजी जयपूरमध्ये गेल्या. नव्वद वर्षांचे आयुष्य. त्यांचे नाव निघाले की अजूनही बोलणे शिफॉनच्या साड्या, मोत्यांचे सर आणि पोलो यांवरच अडते. ते सगळे खरे, पण त्यात त्यांची खासदारकी झाकली जाते, याचे मला वाईट वाटते.

त्यांचे आजोळ बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे या त्यांच्या आई. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेले लग्न इंदिराराजेंनी स्वतः मोडले आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी केले. त्यांची ही मुलगी १९४० साली सवाई मानसिंगांची तिसरी राणी होऊन जयपूरला आली, तेव्हा तिथे जनाना पडद्यात होता. तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, तिने मुलींची शाळा काढली.

१९६२ मध्ये राजाजींच्या स्वतंत्र पक्षातर्फे त्या जयपूरमधून उभ्या राहिल्या. २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मते एकट्या त्यांना पडली आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. राजघराण्याचे वलय मदतीला होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वलयावर विरोधी बाकावरची वर्षे निघत नाहीत. पती स्पेनमध्ये भारत सरकारचे राजदूत झाले, तेव्हाही पत्नी लोकसभेत त्याच सरकारच्या विरोधात बसत होती. जून १९७० मध्ये मानसिंग इंग्लंडमध्ये पोलोच्या मैदानावर कोसळले आणि गेले. वर्षही सरले नव्हते, देशभर इंदिरा गांधींची लाट होती, तरी १९७१ मध्ये त्या तिसऱ्यांदा निवडून आल्या.

आणीबाणीत, परकीय चलनाच्या आरोपाखाली, त्यांना तिहारमध्ये टाकले. पाच महिन्यांहून अधिक काळ त्या आत होत्या. त्याच तुरुंगात राजमाता विजयाराजे शिंदे आल्या, ज्या माधवरावांना इंदिराराजेंनी नाकारले त्यांच्याच सूनबाई. दोन घराण्यांचा तो जुना दुरावा, आणि त्यांच्या लेकीसुनांची अशी गाठ! दोघींचा गुन्हा एकच, विरोधात असणे, असे मी मानते.

सुटल्यावर त्यांनी लोकसभेची निवडणूक पुन्हा लढवली नाही. त्यांनी काढलेली महाराणी गायत्रीदेवी शाळा मात्र जयपूरमध्ये आजही भरते.