विंचू आणि जिनिव्हा

चि. सुमे,


तुझं पत्र वाचून चहा गार झाला. फार्मसीच्या मुलांना ‘ग्लोबल हेल्थ’ शिकवायचं, पण ‘भोर-वेल्ह्यात दाखवण्याजोगं काय आहे?’ असं तू विचारतेस, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हाची चित्रं गोळा करत बसतेस. अगं, माझ्या मेडिकलच्या फळीवर बसून तू मोठी झालीस ना? मग विंचवाच्या औषधाची गोष्ट विसरलीस?

वरंधा घाट उतरलं की महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाने डसलेल्यांच्या उशाशी रात्री काढल्या. घाम, गार पडलेले हातपाय, वर चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. त्यावर त्यांनी प्राझोसिन दिलं. रक्तदाबाची साधी गोळी! आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. १९८६ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि महाडचं औषध परदेशातल्या डॉक्टरांनी वाचलं. जिनिव्हा कुठल्या दिशेला आहे, सांग बघू?

पण मुलांना नुसतं औषधाचं नाव पाठ करायला लावू नकोस. पहिल्या गोळीनंतर रुग्णाला उठवून बसवलं तर रक्तदाब धाडकन उतरू शकतो. त्याला आडवंच ठेवायचं. हे वाक्य कोण सांगणार? आपणच. चाळीस वर्षं मी हेच घोकते आहे : गोळी फळीवरून निघते, पण तिच्याबरोबरचं वाक्य काउंटरवरच राहून जातं. माणूस समोर उभा असतो आणि आपण चिठ्ठी वाचतो.

अँटिबायोटिकचंही तेच. ‘दोनच तोडून द्या’ म्हणणाऱ्याला पोरं निमूट देतात. २०१४ पासून अशा काही औषधांसाठी शेड्यूल एच-वनची वेगळी वही ठेवावी लागते, ती तीन वर्षं जपायची. पोरं ती भरतात, पण का भरायची ते एकालाही ठाऊक नसतं. इथे जंतू औषधाला दाद देईनासा झाला की तो इथेच थोडा थांबतो? राग येतो बघ.

आणि सापाचं बघ. सर्पदंश २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत गेला. वेल्ह्यात (आता राजगड तालुका म्हणायचं, पण माझी जीभ वळत नाही) भातलावणीच्या बायकांना विचार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं त्यांना यादीवाचून माहीत आहेत.

मुलांना तिकडे नेणार असशील तर आषाढात नको, दरडी कोसळतात. जायचंच झालं तर पोहोचल्यावर फोन कर. आणि मुक्कामाला राहिलात तर सकाळी सगळ्यांना बूट झटकून घालायला सांग. तूही.

तुझी,
माई आत्या