काकूंनी न विकलेली ट्यूब

रत्नागिरीच्या दमट हवेत बारावीतला माझा चेहरा दुपारपर्यंत तेलाने चमकायला लागायचा. हनुवटीवर पुटकुळ्या. घरून डाळीचं पीठ, लिंबू, ‘पाच वेळा साबण लाव’ असे सल्ले. कॉलेजातल्या मुली मात्र एक ट्यूब लावायच्या आणि पंधरा दिवसांत चेहरा गोरा, नितळ. तीच मागायला गल्लीतल्या मेडिकलमध्ये गेले.

दुकानातल्या काकूंनी दिली नाही. “यात स्टिरॉइड आहे गं. बंद केलीस की दुप्पट उठेल. कातडी पातळ होईल, उन्हात आग आग होईल.”

गिऱ्हाईक परत पाठवून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी मला तोंड धुवायला लावलं, अर्धा तास काउंटरमागे स्टुलावर बसवलं आणि मग पातळ कागदाचे तुकडे चेहऱ्यावर दाबले. कपाळाचा आणि नाकाचा तुकडा तेलाने आरपार दिसायला लागला. गालाचा कोरडा ठणठणीत. “बघ, गाल बिचारे उगाच मार खातायत.”

पुढचं त्यांनी औषधं मोजता मोजता सांगितलं. तेलाच्या ग्रंथी कपाळ, नाक, हनुवटीवर दाट, तळहातावर एकही नाही. वयात येताना हार्मोन्स त्यांना जागं करतात. साबण त्या ग्रंथींपर्यंत पोचतच नाही. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी. साध्या साबणाचा पीएच 9-10, त्याने वरचा थर तेवढा सोलवटतो. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे, हवा लागून काळं पडलेलं द्रव्य. घासून जाणार नाही. आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. तोंड दोनदाच धुवायचं, सौम्य फेसवॉशने, आणि वर हलकं मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर! तेल वेगळं, पाणी वेगळं, हे मला तिथे कळलं.

हनुवटी काही ऐकेना, तेव्हा त्यांनीच मला सिव्हिलच्या त्वचा विभागात धाडलं. तिथे अ‍ॅडापॅलिन नावाचं मलम मिळालं: रात्री, वाटाण्याएवढं, फरक दिसायला दोन-तीन महिने. पहिल्या आठवड्यांत त्वचा सोलायला लागली आणि मी रडकुंडीला आले. “सोडू नकोस, एक दिवसाआड लाव,” म्हणून काकूंनी धीर दिला. डॉक्टरांनीही पुढच्या खेपेला तेच सांगितलं.

ट्यूब वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे गाल पुढे लाल झाले, बारीक शिरा दिसू लागल्या. तिला ती ट्यूब ज्या दुकानात मिळाली, तिथे तिला काउंटरमागे बसवणारं कुणी नव्हतं. माझ्याकडून काकूंना त्या दिवशी एका फेसवॉशचे तेवढे पैसे मिळाले. बाकीचं देणं अजून माझ्याकडे आहे.